विरूपाक्षचा कागद

दर जूनमध्ये नवी बॅच सुरू झाली, की कुणीतरी पोरगं हा प्रश्न घेऊन येतंच. "सर, ते सायबर सिक्युरिटीचं पहिलं सर्टिफिकेट करावं का? काय फायदा हुतो का?" विचारताना त्याचं बोट दाराबाहेरच्या फ्लेक्सकडं असतं. फ्लेक्सवर आमचा विरूपाक्ष. निळा कोट, हाताची घडी, पाठीमागं काचेच्या उंच इमारती. कोट त्याचा नाही, इमारती तर नाहीतच, डोकं तेवढं त्याचं. बाकी सगळं फ्लेक्सवाल्यानं जोडलंय. रोज सकाळी मी त्या डोक्याखालून क्लासात शिरतो आणि रोज सकाळी माझ्या पोटात दुखतं.

हेवा म्हणतात तो हाच. आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं वाचणाऱ्याला माझ्या तोंडाकडं बघत बसायला नको. मी विरूपाक्षचं कौतुक करायला बसलेलो नाही. पण त्या पोरांना उत्तर द्यायचं म्हटलं, की तो मधे येतोच. त्याला बाजूला सारून ते उत्तर मला कधी देताच आलं नाही.

आमचा कॉम्प्युटरचा क्लास उमरग्यात, सोलापूर-हैदराबाद हायवेला लागून. खाली टायरचं दुकान, वर आम्ही. ट्रक गेला की फळा हलतो. विरू आला तेव्हा मी तिथला सगळ्यात जुना माणूस होतो. एमसीए झालेला, तेही सोलापूरला राहून. पोरं मला 'मोठे सर' म्हणायची आणि मला ते आवडायचं. विरू मुरूमचा. बीसीए करून आला आणि रोज मोटरसायकलवर ये-जा करायला लागला. घरची मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, तूर-उडदाची अडत. एकुलता एक. म्हणजे नोकरीची गरज नाही, उलट गादी वाट बघत बसलेली. असा माणूस आमच्या क्लासात चिल्लर पगारावर कशाला येतो, हे मला पहिल्या दिवशी कळलं नाही. मी विचारलं, तर म्हणाला, "इरली, सर. बघू."

'इरली' म्हणजे कानडीत 'असू दे'. घरात ते कानडी बोलत, बाहेर मराठी, आणि विरूच्या बोलण्यात दोन्हीची खिचडी. वीज गेली, इरली. पगार लांबला, इरली. मोटरसायकल पंक्चर झाली, गडी घामाघूम होऊन ढकलत आला, तरी इरली. मला अशी माणसं खोटी वाटतात. विरू खोटा नव्हता, हे कळायला मला बराच काळ गेला, आणि कळल्यावर जास्तच वाईट वाटलं.

दिसायला उंच, आडवा. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, तेही आईनं ओढलेले. त्यांच्या घरी रीतच होती. कुणी दुकान उघडायला निघो, कोर्टात तारखेला निघो, नाहीतर नुसतं लातूरला डोळे दाखवायला निघो, अव्वा, म्हणजे विरूची आई, विभूतीत बोटं बुडवून कपाळावर ओढणार, मग डोक्यावर हात ठेवणार. त्याशिवाय कुणाचा पाय उंबऱ्याबाहेर पडत नसे. शर्टाच्या खिशात गूळ आणि भाजलेले शेंगदाणे. शिकवता शिकवता एक खडा तोंडात टाकायचा आणि एक समोरच्या पोराच्या हातावर ठेवायचा. खिशाला कायम गुळाचा डाग. मी इस्त्रीचा शर्ट घालून जायचो, तरी पोरं त्या डागवाल्याच्या बॅचला गर्दी करायची. माझ्याकडं उरलेली यायची.

पहिल्या महिन्यातच त्यानं मला हात दाखवला. मी चहाला खाली गेलो होतो. वर येऊन बघतो तर माझ्या कॉम्प्युटरवर माझ्या नेहमीच्या चित्राच्या जागी नंदीबैल. विरू शेजारच्या खुर्चीत शेंगदाणे सोलत बसलेला.

"सर, पोरीचं नाव लई गोड हाय," म्हणाला.

माझा पासवर्ड माझ्या लेकीचं नाव आणि तिचं जन्मसाल. उमरग्यातल्या अर्ध्या लोकांचा पासवर्ड असाच असतो. उरलेल्या अर्ध्यांचा कुलदैवताचा. मी चिडलो. दुसऱ्याच्या वस्तूला हात लावायची ही काय पद्धत, म्हणून चार शब्द सुनावले. त्यानं मान खाली घालून ऐकून घेतलं. संध्याकाळी जाताना हळूच म्हणाला, "चूक झाली, सर. पण बदला तेवढा." मी बदलला नाही. हट्टानं पुढं वर्षभर तोच ठेवला.

त्याला तो नादच होता. कुठंही गेला की आधी उघडं काय राहिलंय ते बघायचा. हॉटेलात गल्ल्यावरचा माणूस फोनवर बोटानं नक्षी काढून कुलूप उघडायचा, विरू लांबूनच ती नक्षी टेबलावर काढून दाखवायचा. अडत्यांना वीजबिलाचे खोटे मेसेज यायचे, बँकेतून बोलतोय म्हणून फोन यायचे, की मोंढ्यातनं विरूला हाक जायची. तो जायचा, त्यांना रागवायचा नाही, आधी बँकेला फोन लावायला लावायचा आणि मग शेजारी बसून राहायचा. बसून राहणं त्याला फार चांगलं जमायचं. फसलेला माणूस घरी तोंड दाखवायला लाजतो, तेव्हा कुणीतरी शेजारी बसलेलं लागतं म्हणायचा.

तर एक दिवस त्यानं जाहीर केलं, की तो सायबर सिक्युरिटीची परीक्षा देणार. बाहेरच्या देशातली संस्था, परीक्षा इंग्रजीतून, घरबसल्या. पास झालं की सर्टिफिकेट. त्यावर हैदराबादला नाहीतर पुण्याला नोकरी लागते म्हणे. तिथं कंपन्यांच्या यंत्रणेत कुणी चोर शिरतोय का, यावर डोळा ठेवून बसायचं. मी म्हणालो, "विरू, सुरुवातीची परीक्षा ही. बालवाडी. ह्या कागदावर कोण नोकरी देतंय?"

"बालवाडीत गेल्याबिगर पहिलीत घेत न्हाईत, सर," तो म्हणाला आणि मला शेंगदाणे दिले.

अभ्यास मोठ्यानं करायचा. गच्चीवर फेऱ्या मारत, पाढे म्हणावेत तसे पोर्टचे, म्हणजे कॉम्प्युटरच्या आतल्या दारांचे, आकडे म्हणायचा, कानडी हेलात. खाली टायरवाल्याच्या गड्यालासुद्धा त्यातले चार पाठ झाले होते. मी वर्गात शिकवत असायचो आणि छतावरून हे कीर्तन. माझ्या पोरांचं लक्ष वर. मी खिडकी लावून घ्यायचो. उकडायचं, पण लावायचो.

परीक्षेचा दिवस ठरला. मुरूमला घरीच द्यायची ठरली. या परीक्षेत खोलीत दुसरं कुणी चालत नाही. कॅमेऱ्यातून कुठल्या कुठं बसलेला एक माणूस तुमच्यावर नजर ठेवून असतो. बोलायचं नाही, उठायचं नाही, खोलीत कुणी यायचं नाही. आलं की परीक्षा रद्द, फी बुडाली. विरूनं तयारी तर अशी केली, की लग्नघरात करत नाहीत. आदल्या दिवशी घरातल्या प्रत्येकाला समोर बसवून सांगितलं. कुकर लावायचा नाही. टीव्ही बंद. शेजारच्या गिरणीवाल्याला जाऊन विनवलं, त्यानं त्या वेळेपुरती गिरणी बंद ठेवली. अव्वाला तर खास बजावलं, "अव्वा, एक शब्द बोलायचा न्हाय." अव्वानं मान डोलावली.

सकाळी तो आंघोळ करून वेळेच्या बराच आधी बसला, कारण आधी खोली दाखवायची असते, ओळखपत्र दाखवायचं असतं. अव्वा तेव्हा लिंगपूजेत होती. पूजा झाली, तिनं बघितलं तर पोरगं एवढ्या मोठ्या कामाला बसलंय आणि कपाळ कोरं. ती विभूती घेऊन आत गेली. आवाज होऊ नये म्हणून बांगड्या वर सारून पदरात धरल्या होत्या. एक शब्द बोलली नाही. बोलायचं नाही म्हणून सांगितलं होतं ना. तीन बोटं कपाळावर ओढली, डोक्यावर हात ठेवला, मागच्या पावली बाहेर आली आणि दार हलकेच ओढून घेतलं. तोवर पडद्यावर लिहून आलं होतं, की परीक्षा थांबवण्यात आली आहे.

विरूनं हे मला दुसऱ्या दिवशी गच्चीवर सांगितलं. मला हसू आवरेना. तोही हसला, डोळ्यांतनं पाणी येईपर्यंत. मग म्हणाला, "सर, हे कुणाला बोलू नका. घरात म्या नापास झालो म्हणून सांगितलंय."

"का? खरं सांग की. तुझी काय चूक?"

"अव्वाला कळलं, तर ती परत कुणाच्या कपाळाला हात लावणार न्हाय. इरली, सर. नापास झालेला मानूस मरत न्हाय."

आता सांगा, अशा माणसाचा हेवा करणं किती अवघड असतं ते. दोष द्यायला कुठं जागाच ठेवत नाही. मी त्या दिवशी घरी जाऊन बायकोवर उगाचच खेकसलो.

आठवड्याभरात विरूचे वडील क्लासावर आले. सिद्रामप्पा, सगळे अप्पाच म्हणायचे. पांढरं धोतर, डोक्याला टापशी, हातात छत्री. चहा घेतला नाही, खुर्चीच्या कडेवर बसले.

"सर, म्या अडत्या मानूस," अप्पा म्हणाले. "तूर हातात घेतली की वली हाय का वाळल्याली, ते सांगतो. ह्या कागदातलं मला कळत न्हाय. पोरगं नापास झालं, तरी परत बसतो म्हणतंय. तुमी शिकलेले. खरं सांगा, त्यात काय हाय का न्हाय?"

मी म्हणालो, "नुसता कागद आहे, अप्पा." आणि समजावून सांगितलं. की असली सर्टिफिकेटं घेतलेली पोरं शहरात ढिगानं आहेत. की कंपन्या सुरुवातीच्या नोकरीलासुद्धा आधीचा अनुभव मागतात. की तीन वर्षं झाली, की कागदाची मुदत संपते, परत फी भरा. यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. आज कुणी विचारलं तर हेच सांगेन. फक्त त्या दिवशी ते सांगताना मला जी गोडी वाटत होती, ती जरा जास्तच होती.

अप्पांनी सगळं ऐकलं आणि घरी जाऊन निकाल दिला. दिवाळीच्या पाडव्यापर्यंत मुभा. तोवर नोकरी लागली तर जा. नाही लागली, तर पाडव्याला गादीवर बसायचं, क्लास बंद, परीक्षा बंद, आणि पुन्हा हा विषय घरात काढायचा नाही. विरू कबूल झाला. अडत्याच्या घरात दिलेला शब्द म्हणजे शब्द, त्याला कागद लागत नाही.

पुन्हा फी भरली, पण आता परीक्षा द्यायची कुठं? मुरूमच्या घरात तर शक्य नाही. विरू माझ्याकडं आला. "सर, तुमच्या घरी देऊ का? वहिनी माहेरी गेल्यात म्हणून विचारतो." मला नाही म्हणता आलं नाही. नाही म्हणायला कारण लागतं, आणि खरं कारण तोंडावर सांगण्यासारखं नव्हतं.

त्या दिवशी मी माझ्याच घराच्या दाराबाहेर खुर्ची टाकून बसलो. आत तो. पेपरवाला बिल मागायला आला, त्याला खुणेनंच घालवलं. घरमालकीणबाई जिन्यावरून मोठ्यानं फोनवर बोलत उतरायला लागल्या, त्यांना हात जोडले. मग गॅसवाला आला. हे लोक सिलिंडर फरशीवर दणकन आपटतात, ते आपल्याला माहीत आहे. त्यानं ते खांद्यावरनं उतरवायच्या आत मी उठलो आणि मधल्या मधे दोन्ही हातांनी धरलं. पाठीत उसण भरली. ती पुढं पंधरवडाभर राहिली. आणि ते सिलिंडर छातीशी धरून उभा असताना माझ्या मनात आलं, की हात सुटला तर? नुसता सुटला तर? कुणी काही म्हणणार नाही. मी ते सिलिंडर लेकरू पाळण्यात ठेवतात तसं खाली ठेवलं. का, ते मला विचारू नका. मला पाडव्याला त्याला गादीवर बसलेला बघायचं होतं, पण असा नव्हे.

तो बाहेर आला आणि म्हणाला, "झालं, सर. पास." मला मिठी मारली. मी कण्हलो. त्याला वाटलं, मी हुंदका दिला.

सर्टिफिकेट आलं. त्यानं ते छापून, चौकटीत घालून क्लासात लावलं. पोरं बघून जायची. संचालक कदमसरांनी पेढे वाटले. आणि पुढं? पुढं काही नाही. विरू अर्ज करायचा, उत्तर यायचं नाही. आलंच तर, अनुभव किती? मी रोज सकाळी आल्याआल्या विचारायचो, "काय रे विरू, आलं का काही?" आवाजात काळजी असायची. तो "न्हाय, सर" म्हणाला, की मला चहा गोड लागायचा. त्याला वाटायचं, सर किती आपुलकीनं विचारतात. एकदा तर तो म्हणालाही, "तुमी एकटंच विचारता, सर. बाकीचे विसरले."

दसरा झाला आणि हैदराबादच्या एका कंपनीतनं मुलाखतीला बोलावणं आलं. जाऊन आला आणि खालच्या टपरीवर चहा पिता पिता मला सगळं सांगितलं. मुलाखतीला आलेल्या प्रत्येकाकडं तोच कागद होता. "बिगरकागदाचं आत एकबी न्हवतं," म्हणाला, "पन आत गेल्यावर कागदाचं कुणी नाव काढलं न्हाय." प्रश्न विचारणाऱ्या बाईंनी पुस्तकातलं थोडं विचारलं, आणि मग म्हणाल्या, माणसाच्या चुकीनं यंत्रणा मोडल्याचं तुमच्या बघण्यातलं एखादं उदाहरण द्या. याच्याजवळ कुठलं कंपनीचं उदाहरण असणार? यानं अव्वाची गोष्ट सांगितली. बांगड्यांसकट.

"बाई हसल्या का?" मी विचारलं.

"लई हसल्या. मग म्हणल्या, ह्यात चूक कुणाची? म्या म्हणलं, माझी. अव्वानं नियम मोडला न्हाय. तिला सांगितलेला नियम तिनं पाळला, आन घरचाबी पाळला. घरात काय रीत हाय, ती मला ठाऊक हुती. नियम करताना म्याच ती धरली न्हाय."

मी कपातला चहा संपवला. माझ्या मनात एवढंच आलं, की बघा, नापास झाल्याचासुद्धा याला फायदा. आम्ही आयुष्यात एकदाही नापास झालो नाही, आम्हाला कोण विचारतंय?

पण 'कळवतो' म्हणालेल्यांनी कळवलं नाही. पाडवा आला. मुरूमला मी गेलो होतो, आमंत्रण होतं. दुकान धुऊन काढलेलं, गादीला नवी पांढरी खोळ, दाराला झेंडूच्या माळा. विरूनं क्लासाचा राजीनामा आदल्या दिवशीच दिला होता. नवं धोतर नेसून तो गादीवर बसला, अप्पांनी हार घातला, अव्वानं विभूती ओढली. त्यानं आलेल्या प्रत्येकाला हात जोडले. तोंडावर काही दिसत नव्हतं. मला जेवायला आग्रह करकरून वाढलं, हुग्गी, म्हणजे गव्हाची गुळातली खीर, वरून तुपाची धार. मी ओरपून जेवलो. इतकं पोटभर मी कित्येक दिवसांत जेवलो नव्हतो. उमरग्याला परत येताना गाडीवर गाणं म्हणत आलो.

तुरीची आवक सुरू झाली, मोंढ्यात पाय ठेवायला जागा नाही, अशा ऐन हंगामात एक दिवस अप्पा पुन्हा क्लासावर आले. या वेळी खुर्चीवर नीट बसले. चहा मागवला, पण घेतला नाही.

"सर, हैदराबादचं बोलावणं आलंय. कामावर या म्हनत्यात. मधे त्यांच्यात कायतर घोळ झाला हुता म्हने." छत्री दोन्ही गुडघ्यांच्या मधे धरून ते थांबले. "पोरगं गादीवर बसलंय. गावानं बघितलंय. तुमी तर म्हणला हुता, नुसता कागद हाय. मग हे बोलवत्यात कसं?"

मी चहाचा कप त्यांच्याकडं सरकवला.

"म्या विरूला म्हणलं, शब्द दिलता तू. तो म्हणला, व्हय, दिलता, म्या जाणार न्हाय. मग म्हणला, अप्पा, एकदा सरांना विचारून या. सर न्हाय म्हणले तर माझ्या मनातनं बी जाईल. सर म्हणतील तसं." अप्पांनी माझ्याकडं बघितलं. "आता तुमी सांगा."

मला विरूचा इतका राग कधी आला नव्हता. सगळ्या मुरूमात आणि उमरग्यात याला विचारायला मीच सापडलो? एक 'नाही' म्हणायचं होतं. तेही खोटं ठरलं नसतं. हैदराबादची महागाई, रात्रपाळी, पहिला पगार अडतीच्या मानानं काहीच नाही, सगळं खरं होतं. माझ्या जिभेवर आलंही होतं. पण मग मला पुढचं दिसलं. तो जन्मभर त्या गादीवर बसणार. मी बाजाराला मुरूमला जाणार. आणि दर वेळी तो मला लांबूनच "सर, या की" म्हणून हाक मारणार, शेजारी बसवून घेणार, हातावर गूळ-शेंगदाणे ठेवणार, आणि एकदाही, एकदासुद्धा, तोंड वाकडं करणार नाही. ते मला सोसलं नसतं.

"अप्पा, आहे तो कागदच," मी म्हणालो. "पण दारावरचा माणूस तो कागद बघूनच आत सोडतो. विरूला आत सोडलं. पुढचं त्याचं त्यानं केलंय. आता मागं ओढू नका. जाऊ द्या."

अप्पा बराच वेळ छत्रीच्या मुठीवरून अंगठा फिरवत बसले. मग उठले आणि वयानं एवढा मोठा माणूस, मला हात जोडून गेला. गार झालेला चहा मी प्यायलो.

विरू गेला. कदमसरांनी लगेच फ्लेक्स लावला आणि सायबरची बॅच सुरू केली. "तुमीच घ्या," मला म्हणाले, "तो तुमचाच विद्यार्थी." विद्यार्थी नव्हता तो माझा. पण लोकांनी ठरवलं, की होता, आणि मुरूमपासून ढोकीपर्यंतची पोरं 'विरूपाक्षच्या सरांकडं' शिकायला यायला लागली. स्वतःजवळ नसलेल्या कागदाचा अभ्यास मी दुसऱ्यांना शिकवायला लागलो. त्यातली काही पोरं पास झाली. दोघं-तिघं पुण्याला गेली, बरीचशी नाही गेली. गेलेल्यांचे फोन येतात. न गेलेली रस्त्यात भेटली की मान फिरवतात.

अशी वर्षं गेली आणि मग मी ठरवलं. कुणाला सांगितलं नाही, बायकोलासुद्धा शेवटीच सांगितलं. चष्म्याचा नंबर वाढलेला, पाठांतर होत नाही, रात्री वाचलेलं सकाळी आठवत नाही. विरू गच्चीवर म्हणायचा तेच आकडे मी न्हाणीघरात नळ सोडून पुटपुटायचो. वर्षभर घासलं. परीक्षा दिली आणि पास झालो. सर्टिफिकेट फोनमध्ये ठेवलं, छापलं नाही, भिंतीवर लावलं नाही. ते बघणारा एकच माणूस मला हवा होता. माझ्या बरोबरीला आलात, सर, असं त्याच्या तोंडून नाही, नुसतं डोळ्यांतून कळलं असतं तरी चाललं असतं.

आणि परवाच तो भेटला. उमरग्याबाहेर हायवेवरच्या हॉटेलात मी एका पालकाला भेटायला गेलो होतो. पांढरी मोटार येऊन थांबली आणि तीतून विरू उतरला. थोडा जाडावलेला, केस पुढून विरळ झालेले. बायको बरोबर, सोलापूरला कुणाच्या तरी लग्नाला निघालेले. मला बघताच चपला काढून वाकला, भर हॉटेलात. "हे आमचे सर," बायकोला म्हणाला. "हे न्हाय म्हणले असते, तर आज म्या तूर मोजत असतो."

मी फोन काढला. चार गोष्टी बोलून मग दाखवायचं ठरवलं होतं, पण धीर निघाला नाही. त्याच्या हातात दिला. त्यानं बघितलं, बोटांनी मोठं करून माझं नाव वाचलं. त्याचा चेहरा असा फुलला, की त्याला स्वतःला मिळालं तेव्हासुद्धा फुलला नसेल. बायकोला दाखवलं, गल्ल्यावरच्या माणसाला दाखवलं. "ह्या वयात, बघा," म्हणाला. त्याच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं. मला हवं होतं ते सगळं मिळालं, आणि मी मोठ्या ऐटीत विचारलं, "तुझ्या कागदाची मुदत कधीपर्यंत आहे रे? पुन्हा नवा करून घ्यायला झाला असेल."

"माझी? ती तर कवाच संपली, सर," तो म्हणाला. "परत केलंच न्हाय. आता कोण विचारत न्हाय. पन तुमाला उपयोग हुईल, लई चांगलं केलं."

त्यात टोमणा नव्हता. असता तर किती बरं झालं असतं. त्यानं माझे आणि त्या पालकाचे चहाचे पैसे दिले, पुन्हा वाकला, बायकोला आधी बसवलं आणि मोटार दोन ट्रकांच्या मधून सोलापूरच्या अंगाला निघून गेली. मी हातातल्या फोनकडं बघितलं. माझ्या कागदाची मुदत अजून जवळजवळ तीन वर्षं होती. त्याच्या कागदाची संपलेली होती, आणि मला त्याचाही हेवा वाटला.